भागाकार

कायानीला जानेवारीत दहाच्या सुमारास उजाडतं,
तेही उजाडल्यासारखं करतं फक्त.
हिल्पा कार्पिनेन थर्मासमधली कॉफी ओतून घेते
जुन्या कागद कारखान्याच्या आवारात,
जिथे तिचा बाप, ओइवा, सत्तावीस वर्षं
ओल्या कागदाचे रूळ गुंडाळत होता
आणि आता कपाटांच्या रांगा
रात्रंदिवस घुमत विश्व मांडतात.

मांडतात ते दोनदा.
एक नुसत्या अंधाराचं:
कृष्णद्रव्य, वजनापलीकडे ज्याला काही नाही,
कशालाच न अडखळता कोसळत जाणारं
स्वतःच्याच आरपार.
दुसऱ्यात सहातला एक भाग साधा:
हायड्रोजन, हेलियम, चवीपुरती धूळ,
जे तापतं, निवतं, धडकतं, चिकटतं,
ज्याचे तारे होतात,
ज्याचा घास गिळता गिळता कृष्णविवर
भरलं ताट उधळून लावतं
लाखो प्रकाशवर्षं दूर.

मग दुसऱ्याला पहिल्याने भागायचं.

लांबून पाहिलं तर उत्तर एक.
साधं द्रव्य घातलं काय, न घातलं काय.
जवळ जावं तशी रेषा हळूच झुकते,
खोल होते, आणि पार टोकाला,
जिथे निवलेल्या वायूचे तारे दाटीने बसलेत
आणि अंधारालाही आपल्याकडे ओढतायत,
सरसर वर चढते.
चमचा. तिच्या गटात सगळे त्याला चमचाच म्हणतात.
किती खोल, यावर भांडतात.
प्रत्येकाच्या चमच्यात वेगळं मावतं.

तिची आई साइमा विरजणाला एवढंच घ्यायची.
कालची विली वाटीच्या तळाला चमचाभर,
वर दूध, वर फडकं.
सकाळी चमचा उचलला की तार सुटायची.
"एवढ्याशानं काय होतंय?" ओइवा रोज म्हणायचा
आणि रोज वाटी चाटून पुसून ठेवायचा.

घरात तोही सहातला एकच.
पाच गप्प माणसं, आणि एक तापणारा.
कारखान्याला कुलूप लागलं त्या वर्षी जास्तच.
दार आपटून जायचा. तासाभराने
बुटांवरचं बर्फ झाडत परत,
त्याच खुर्चीत, त्याच खळग्यात,
काही झालंच नाही असा.
बाकीचे मात्र दर वेळी
बोटभर भिंतीकडे सरकलेले असायचे.
अर्मास ओउलूला गेला. जुळ्या नॉर्वेत.

हे तिला पुढे आकड्यांत भेटलं.
वायू उसळून बाहेर जातो, निवतो, परततो.
त्याच्या जाण्याने सैल झालेला अंधार
तो परतला तरी पुरता परतत नाही.
असं दहादा, वीसदा,
आणि मधलं टोकदार शिखर
सपाट होत जातं.
कुणी ढकललं म्हणून दाखवता येत नाही.
या प्रकाराला तिने मनात बापाचं नाव दिलंय.
शोधनिबंधात दुसरं आहे.

एकदा रात्रपाळीत, मशीन रिकामं नसताना,
तिने घराचाही भागाकार कागदावर मांडला.
वर बाप असलेलं घर, खाली बाप नसलेलं.
खालचं चालवताच येईना.
आई होती तिथे, नदीकाठी, कुणाचीच आई नसलेली,
आणि भागायला बसलेली मुलगी नव्हती.
तिने कागदाची घडी केली, चुकून
बापाच्याच पद्धतीने: आधी उभी, मग आडवी,
नखाने कड दाबून.

साइमा आता पुलापलीकडे एका खोलीत राहते.
रेडिएटरवर मोजे वाळत घालते.
त्या नळांतलं पाणी इथूनच तापून जातं,
दोन्ही विश्वांची ऊब घेऊन.
"अंधाराची त्यात कमीच गं," हिल्पा सांगते,
"ते चालवायला स्वस्त पडतं.
सगळी वीज खातो तो सहावा भाग."

साइमा मोजा उलटा करते.
"खायचाच तो," म्हणते.